ओरेगॉनांतील जुन्या दफनभूमि व उपनिधिशोधाचा खेळ

प्रस्तुत लेखाचें नांव वाचून हा विषय आपल्या त्रैमासिकाच्या कक्षेंत कसा बसतो, अशी शंका पुष्कळ वाचकांस येईल. ती प्रथम आम्हांसही आली होती. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. सुटीचे दिवस वीरगळ, सतीशिळा व समाध्या पाहण्यांत आणि त्यांवरील अक्षरें उतरून घेण्यांत गेले. अमेरिकेचा इतिहास हा आमच्या अभ्यासाचा विषय कधींच नव्हता. परंतु कन्येच्या आग्रहावरून आम्ही उभयतां ओरेगॉन राज्यांत, पोर्टलंड शहराच्या पश्चिमेस बीव्हरटन येथें, एक उन्हाळा काढला. संगणकाच्या व्यवसायानिमित्त त्या भागांत जाऊन राहिलेलीं मराठी कुटुंबें बरींच आहेत, आणि त्यांच्या मुलांस तेथील मातीची माहिती आईबापांपेक्षां अधिक असते. आमच्या बारा वर्षांच्या नातीनें एके दिवशीं एका खेळाच्या निमित्तानें आम्हांस एका जुन्या दफनभूमींत नेलें. मृतांच्या जागीं खेळ! आमच्या सौभाग्यवतींनीं गाडींतून उतरण्याचेंच नाकारलें. आम्ही उतरलों, तें नातीच्या प्रेमानें थोडें व शिलालेखांच्या लोभानें अधिक.

तेथें जें पाहिलें व त्यानंतर जें वाचून पडताळलें, त्यावरून ह्या खेळांत इतिहाससंशोधनाचा एक खरा प्रश्न गुंतलेला आहे, असें आमचें मत झालें. मृतांच्या स्मारकांवर खेळ मांडणें ही त्यांची विटंबना कीं त्यांचें रक्षण, हा तो प्रश्न. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं खेळ काय आहे व त्या दफनभूमि कशा झाल्या, हें सांगितलें पाहिजे.

खेळाचें इंग्रजी नांव जिओकॅशिंग. अमेरिकेच्या सैन्यानें पृथ्वीभोंवतीं फिरत ठेवलेल्या उपग्रहांवरून कालदर्शक संकेत येतात, व ते संकेत पोंचण्यास लागलेल्या सूक्ष्म काळावरून हातांतील यंत्र आपले अक्षांश-रेखांश काढतें. हें ज्ञान शत्रूच्या हातीं पूर्णत्वानें जाऊं नये म्हणून सामान्य लोकांच्या संकेतांत जाणूनबुजून चूक मिसळली जात असे. त्यामुळें जागा सुमारें १०० मीटरपर्यंत चुके. १ मे २००० रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं ही मिसळलेली चूक काढून टाकण्याची आज्ञा जाहीर केली, व एका रात्रींत तीच यंत्रें दहा-वीस मीटरांच्या आंत जागा दाखवूं लागलीं. ३ मे रोजीं डेव्ह उल्मर नांवाच्या एका संगणकतज्ज्ञानें पोर्टलंडजवळील बीव्हरक्रीक गांवाबाहेर झाडींत एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेविली, तींत एक नोंदवही, कांहीं किरकोळ वस्तु व घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा घातला, आणि तिचे अक्षांश ४५ अंश १७.४६० कला उत्तर व रेखांश १२२ अंश २४.८०० कला पश्चिम असे प्रसिद्ध केले. थोड्याच दिवसांत माइक टीग यानें ती शोधून काढली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यानें खेळास सांप्रतचें नांव सुचविलें, आणि २ सप्टेंबर २००० रोजीं जेरेमी आयरिश यानें ह्या पेट्यांच्या नोंदीचें संकेतस्थळ सुरू केलें. आज अशा पेट्या पृथ्वीच्या सर्व खंडांवर आहेत. नियम साधे आहेत. पेटी शोधावी, वहींत नांव व दिनांक घालावा, आंतील वस्तु घेतल्यास दुसरी ठेवावी, आणि पेटी होती तशी परत ठेवावी.

कल्पना अगदींच नवी नव्हे. इंग्लंडांत डार्टमूरच्या माळावर क्रॅनमिअर पूल नांवाच्या दुर्गम जागीं जेम्स पेरट ह्या वाटाड्यानें १८५४ सालीं एक बाटली ठेविली; तेथवर पोंचणारानें आपली नांवाची चिठ्ठी तींत टाकावी, अशी योजना होती. त्यांतून पुढें त्या देशांत एक छंदच निर्माण झाला. परंतु आम्हांस ह्या पूर्वजापेक्षां ‘कॅश’ ह्या शब्दाचा इतिहास अधिक मननीय वाटला, कारण तो थेट ओरेगॉनच्या वाटेवर नेऊन सोडतो.

‘कॅश’ हा रोकड पैशाचा वाचक शब्द नव्हे. लपविणें ह्या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून तो आला, व त्यास रूढ केलें तें कातड्यांचा व्यापार करणाऱ्या फ्रेंच भाषिक शिकाऱ्यांनीं. रानांत माल वाहून नेणें अशक्य झालें म्हणजे ते कोरड्या जमिनींत खड्डा करून त्यांत कातडीं, दारू, धान्य ठेवीत व वरची माती-गवत जशीच्या तशी बसवून टाकीत. युटा राज्यांतील कॅश व्हॅली आणि कोलोरॅडोंतील कॅश ला पूद्र ही नदी यांचीं नांवें ह्याच चालीवरून पडलीं. दुसऱ्या नांवाचा अर्थ ‘बंदुकीची दारू लपविण्याची जागा’ असा आहे. पुढें १८४० नंतर मिसूरी नदीपासून ओरेगॉनपर्यंत दोन हजार मैलांची वाट बैलगाड्यांनीं तुडविली. बैल थकले कीं ओझें टाकावें लागे, व कांहींजण तें टाकून न देतां पुरून ठेवीत. पुरलेली जागा मागून येणाऱ्यांनीं उकरूं नये म्हणून त्यांतील कित्येकांनीं एक विलक्षण युक्ति योजिली: मालावर मातीचा उंचवटा करून वर खोट्या मृताच्या नांवाची फळी रोंवली. अशा खोट्या थडग्यांचे उल्लेख त्या काळच्या प्रवाशांच्या रोजनिशींत आढळतात. उलटपक्षीं, पटकीनें किंवा अपघातानें मेलेल्या माणसाचें खरें थडगें लांडग्यांनीं उकरूं नये म्हणून त्यास वाटेंतच पुरून वरून साऱ्या गाड्या चालवीत, व जमीन सपाट करून टाकीत. म्हणजे त्या वाटेवर जेथें थडगें दिसतें तेथें माल असूं शके, आणि जेथें कांहींच दिसत नाहीं तेथें मनुष्य. स्मारक पाहून इतिहास लिहिणाऱ्यांनीं हें उदाहरण मनांत ठेवण्यासारखें आहे. वीरगळ आहे म्हणून तेथेंच तो वीर पडला, असें आपणही पुष्कळदां फार लवकर लिहून टाकतों.

ह्या वाटेचा शेवट ओरेगॉन सिटी येथें. बीव्हरक्रीक तेथून कांहीं मैलांवरच आहे. दीडशें वर्षांपूर्वीं ज्या लोकांनीं निरुपायानें पेट्या पुरल्या, त्यांच्या मुक्कामाच्या जागीं त्यांच्याच शब्दानें ओळखला जाणारा खेळ जन्मास यावा, हा योगायोगच. पण इतिहासांत असे योगायोग पाहिले म्हणजे क्षणभर थांबावेंसें वाटतें.

आतां दफनभूमींविषयीं. १८५० च्या जमीनदानाच्या कायद्यानें त्या वर्षाच्या डिसेंबरापूर्वीं आलेल्या एकट्या श्वेतवर्णी पुरुषास ३२० एकर व विवाहित जोडप्यास ६४० एकर जमीन मिळे. एवढ्या विस्तारामुळें घरें एकमेकांपासून दूर पडलीं, देवळें व गांवें मागाहून झालीं. घरांतलें मूल दगावलें तर शेताच्या उंच कोपऱ्यांत एखाद्या झाडाखालीं त्यास पुरीत, मग शेजारी आपलें माणूस तेथेंच आणीत, व अशा रीतीनें वीस-पंचवीस थडग्यांची एक दफनभूमि होई. पुढें शेत विकलें गेलें, घराणें दुसरीकडे गेलें, आणि दगड ब्लॅकबेरीच्या कांटेरी जाळ्यांत बुडाले. ओरेगॉनचा कायदा आज ‘ऐतिहासिक दफनभूमि’ कोणतीस म्हणावें हें एका दिनांकावरून ठरवितो: १४ फेब्रुवारी १९०९ पूर्वीं मेलेल्या एका तरी व्यक्तीचे अवशेष जींत आहेत ती. १४ फेब्रुवारी १८५९ रोजीं ओरेगॉन संघराज्यांत दाखल झालें, त्याच्या पन्नासाव्या वर्षदिनाचा हा दिनांक आहे.

ह्या जागांस तेथील लोक ‘पायोनियर’ म्हणजे आद्य वसाहतकारांच्या दफनभूमि म्हणतात. ‘आद्य’ हें विशेषण मात्र आम्हांस जपून वापरावेंसें वाटतें. १८३० पासून तीन-चार वर्षें हिवतापाच्या सांथीनें खालच्या कोलंबियेच्या व विलामेटच्या खोऱ्यांतील चिनूक, कलापूया इत्यादि मूळ रहिवाशांची बहुतेक वस्ती नाहींशी केली होती. वसाहतकारांस जी ‘मोकळी’ जमीन मिळाली ती ह्या मरणानें मोकळी झालेली होती. त्या मृतांचे दगड नाहींत, म्हणून त्यांचे अक्षांश-रेखांशही नाहींत.

पोर्टलंड शहराच्या आग्नेय भागांत लोन फर, म्हणजे ‘एकटा देवदार’, ह्या नांवाची मोठी दफनभूमि आहे. (फर हा खरा देवदार नव्हे, हें वनस्पतिशास्त्रज्ञांनीं आम्हांस सांगूं नये, दुसरा शब्द आम्हांपाशीं नाहीं.) ही जागा आम्हीं चार वेळां पाहिली, व चारही वेळां सौभाग्यवती बरोबर होत्या, कारण ती बागेसारखी आहे. जेम्स स्टीव्हन्स ह्या शेतकऱ्याचा बाप एमर स्टीव्हन्स १८४६ सालीं वारला व त्यास मुलानें आपल्या शेतांत पुरलें. १८५४ मध्यें स्टीव्हन्सनें तें शेत कोलबर्न बॅरल यास विकलें, तें बापाचें थडगें सांभाळीन अशी कबुली घेऊन. त्याच वर्षीं एप्रिलांत बॅरलचा संबंध असलेल्या ‘गझेल’ नांवाच्या आगबोटीचा बाष्पपात्र फुटून वीसांहून अधिक माणसें मेलीं. मृतांत बॅरलचा भागीदार क्रॉफर्ड डॉबिन्स होता. त्यास व डेव्हिड फुलर नांवाच्या एका प्रवाशास बॅरलनें म्हाताऱ्या स्टीव्हन्सच्या शेजारीं जागा दिली, आणि त्या जागेस माउंट क्रॉफर्ड म्हणूं लागले. एकट्या उभ्या झाडावरून लोन फर हें नांव १८६६ सालीं आलें. तें झाड अद्याप उभें आहे. एकटें मात्र राहिलेलें नाहीं.

स्वतः जेम्स स्टीव्हन्स व त्याची पत्नी एलिझाबेथ यांच्या दगडावर दोघांच्या आकृति हातांत हात घेतलेल्या कोरल्या आहेत. दगडाच्या पाठीवरील मजकूर वाचून आम्ही चकित झालों. सत्तावन वर्षें, दोन महिने व दोन दिवस एकत्र प्रवास करून, ज्या मूलतत्त्वांपासून आपण प्रथम घडलों त्यांत सृष्टिनियमानें परत मिळून जाण्याची वाट पाहत आम्ही आपखुषीनें येथें पडून आहों, असा त्याचा आशय आहे. स्वर्गाचें नांव नाहीं, पुनरुत्थानाचें नाहीं. हजारों मैल गाडींतून आलेल्या एका ख्रिस्ती देशांतील शेतकऱ्यानें आपल्या थडग्यावर ‘पंचत्व पावणें’ ह्या आपल्या रोजच्या वाक्प्रचाराचा जणूं अर्थच लिहून ठेवावा, हें आम्हांस अपेक्षित नव्हतें. आम्ही तें तेथेंच दोनदां उतरून घेतलें.

परंतु लोन फरचा खरा धडा त्या कोरीव दगडांत नाहीं. त्या भूमीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यास चौदावा विभाग म्हणतात. तेथें चिनी मजुरांस पुरीत. कांहीं वर्षांनीं अस्थि उकरून त्या दक्षिण चीनमधील मूळ गांवीं पाठवाव्या, अशी त्यांची चाल होती. आपल्या अस्थि गंगेस पोंचाव्या म्हणून धडपडणाऱ्या आपल्या लोकांस हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. डॉक्टर जेम्स हॉथॉर्न यांच्या वेड्यांच्या इस्पितळांतील शंभराहून अधिक बेवारस रुग्णांसही लोन फरमध्यें मूठमाती मिळाली. १९४८ सालीं त्या विभागांतील चिनी अवशेष काढून नेण्यांत आले व आतां तेथें कांहीं उरलें नाहीं, अशा समजुतीनें स्थानिक सरकारनें १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभीं वर कचेरीची इमारत बांधिली, बाजूस गाड्या उभ्या करण्यास फरसबंदी केली. अर्धें शतक लोक तेथें कामें करीत होते. २००४ सालीं जुने कागद पुन्हां पाहण्यांत आले, तपास झाला, आणि जमिनीखालीं माणसें अद्याप आहेत असें निष्पन्न झालें. इमारत पाडण्यांत आली, ती जागा पुन्हां दफनभूमींत सामील झाली, व २०१९ च्या सार्वजनिक कर्जरोख्यांतून तेथें स्मारकासाठीं ४० लक्ष डॉलर्स राखून ठेवण्यांत आले. दगड नसला म्हणजे दफनभूमि पन्नास वर्षांत कचेरी होते, हें ह्यावरून दिसतें. तीही दुष्टपणानें नव्हे, विसरण्यानें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. जिओकॅशिंग करणारांस जुन्या दफनभूमि फार आवडतात. कारण उघड आहे. ह्या जागा शांत, सार्वजनिक, व वाटेपासून किंचित् आंत असतात, आणि शोधणारास दाखविण्याजोगें तेथें कांहींतरी असतें. इंडियाना राज्यांत तर जुन्या दफनभूमींचीच ‘स्पिरिट क्वेस्ट’ नांवाची पेट्यांची एक मालिका आहे. पेटी थडग्यांमध्यें असावी असें नाहीं. पुष्कळदां दगडांवरील सालांतून अंक घेऊन गणित करावयाचें व तें गणित कुंपणाबाहेरील पेटीपर्यंत नेतें; कांहीं प्रकारांत तर पेटीच नसते, दगड वाचून प्रश्नाचें उत्तर दिलें कीं झालें.

आक्षेपही तितकेच खरे आहेत. साउथ कॅरोलायना राज्याच्या प्रतिनिधिसभेनें २००५ सालीं एक विधेयक संमत केलें. दफनभूमींत, किंवा फलक लावलेल्या ऐतिहासिक अथवा पुराणवस्तूंच्या जागीं, मालकाच्या लेखी संमतीवांचून हा खेळ खेळणें बेकायदेशीर ठरावें, असें त्यांत होतें. वरिष्ठ सभेंत तें समितीकडे गेलें व तेथेंच राहिलें. विधेयक पडलें म्हणून आक्षेप पडला असें नव्हे. पेटी शोधणारा मनुष्य दगड हलवून पाहतो, फटींत हात घालतो, गवत तुडवितो. अमेरिकेंत १८७४ ते १९१४ ह्या काळांत ब्रिजपोर्ट येथील एका कारखान्यानें ‘पांढरें कांसें’ म्हणून जस्ताचीं पोकळ स्मारकें विकलीं. तीं दगडापेक्षां उत्तम टिकलीं, पण त्यांचे पत्रे स्क्रूनें बसविलेले असल्यामुळें काढतां येतात, आणि मद्यबंदीच्या काळांत त्यांत बाटल्या लपवीत अशा कथा आहेत. कथा खऱ्या असोत वा नसोत, लपविण्याच्या खेळांतील मनुष्यास असा पत्रा पाहून मोह होणार, हें सांगण्यास कथेची जरूर नाहीं.

त्याहून मोठा अपाय अजाण वाचकाकडून होतो. पुसट अक्षरें दिसावीं म्हणून दाढीचा फेंस दगडावर चोपडून सपाट पट्टीनें निपटून काढण्याची रीत त्या देशांत बरीच पसरली होती. अक्षरें क्षणभर सुंदर दिसतात. फेंसांतील आम्लद्रव्य संगमरवरांत शिरून त्यास खातें. तारेचा ब्रश, धुण्याचें ब्लीचिंग, खडू, हीं सर्व त्याच जातीचीं औषधें. संगमरवर हा मूळचा चुनखडीचा दगड, व ओरेगॉनच्या पावसांत तो साखरेच्या खड्यासारखा सुटत जातो. लहान मुलांच्या थडग्यांवर बसविलेलीं कोंकरें झिजून उशीसारखीं झालेलीं आम्हीं पाहिलीं. ह्या बाबतींत दुसऱ्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तरुणपणीं एका गांवच्या देवळांतील लेख नीट दिसावा म्हणून आम्हीं अक्षरांत खडू भरला व वर ओल्या फडक्यानें जोरानें पुसलें. पुढें कित्येक वर्षांनीं पाहिलें तों त्या ओळीचे कांठ इतर ओळींपेक्षां अधिक गेलेले होते. लेखाचें वाचन छापून आलें; त्याची किंमत लेखानेंच दिली.

आतां ती पहिली दफनभूमि. ती एका लहान टेकाडावर, हेझलनटच्या बागेस लागून आहे. घराण्याचें नांव येथें देत नाहीं, कारण त्यांचे वंशज त्याच भागांत राहतात. पेटी शोधण्यासाठीं चार थडग्यांवरील सालांचे शेवटचे अंक हवे होते. तीन सहज मिळाले. चौथा दगड एका तान्ह्या मुलीचा, संगमरवराचा. नातीनें १८६१ असें वाचलें, यंत्रांत अंक घातले, व यंत्रानें आम्हांस कुंपणापलीकडे हेझलनटच्या झाडांत नेण्यास आरंभ केला. परक्याच्या बागेंत शिरण्यास आम्हीं मनाई केली. नात म्हणाली, “आजोबा, आकडा चुकत नाहीं, यंत्र चुकत असेल.” आम्हीं म्हटलें, “अगं, चुकतो तो नेहमीं वाचणारा. पुन्हां दगडाकडे चल.”

अमेरिकन दगडांवर मृत्यूचा दिनांक व वय वर्षें-महिने-दिवस असें देण्याची चाल होती. ही मुलगी जूनमध्यें वारली. वय नऊ महिने कांहीं दिवस. म्हणजे जन्म आदल्या वर्षाच्या सप्टेंबरांतला. शेजारचा दगड तिच्या भावाचा, आईबापांचीं नांवें तींच, व त्यावर जन्म फेब्रुवारी १८६१ असा स्वच्छ आहे. मुलीचें साल १८६१ धरलें तर तिचा जन्म सप्टेंबर १८६० चा येतो, आणि एकाच आईस पांच महिन्यांच्या अंतरानें दोन मुलें होत नाहींत. तेव्हां १८६१ हें अशक्य. सौभाग्यवतींच्या पिशवींत लहान आरसा होता. तो नातीच्या हातीं देऊन सूर्याचा कवडसा दगडावर बाजूनें, अगदीं तिरपा, टाकण्यास सांगितलें. सरळ उन्हांत जें दिसत नव्हतें तें दिसलें: उभ्या रेघेच्या डाव्या अंगास एक फिकी तिरकी खूण. तो १ नव्हे, ४ होता. १८६४. दगडास आम्हीं बोटही लावलें नव्हतें.

तो अंक अक्षांशाच्या कलेच्या दुसऱ्या दशांशस्थानीं जात होता. एक कला म्हणजे सुमारें १८५२ मीटर. तीन शतांश कला म्हणजे सुमारें ५५ मीटर. तेवढें उत्तरेस सरकतांच आम्ही बागेंतून निघून बाहेरच्या रस्त्यावरील कुंपणाच्या खांबापाशीं आलों, व तेथें पेटी होती. सौभाग्यवती एव्हांना गाडींतून उतरून आल्या होत्या. आरसा परत मागण्यासाठीं, असें त्या म्हणतात.

घरीं गेल्यावर नातीनें ह्या पेटीच्या जुन्या नोंदी काढून दाखविल्या. येथेंच आमचें मत बनलें. २०११ मधील एका शोधकानें त्या दगडाचें छायाचित्र ठेवलें होतें. त्यांत ४ चा आंकडा पूर्ण आहे. २०१९ च्या छायाचित्रांत त्याची भुजा गेलेली दिसते, आणि त्यानंतर दोघां-तिघांनीं ‘पेटी सांपडली नाहीं’ असें लिहून ठेवलें आहे. म्हणजे अंक कोणत्या आठ वर्षांत गेला, हें आज सांगतां येतें. ह्या देशांतील किती शिलालेखांविषयीं आपणांस असें सांगतां येईल? त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांनीं यात्रेकरूंचीं नांवें व गोत्रें दक्षिणेसाठीं लिहून घेतलीं. वंशावळी सिद्ध करण्यास तींच पुढें साधन झालीं. खेळणारांनीं आपल्या विजयाच्या नोंदी केल्या, आणि त्यांतून नकळत एका दुर्लक्षित दगडाचें दिनांकवार प्रकृतिपत्रक तयार झालें. साधन कोणत्या हेतूनें लिहिलें गेलें ह्यावर त्याची योग्यता ठरत नाहीं, हें आपल्या मंडळींस ठाऊक आहेच.

तथापि ह्या साधनाची मर्यादाही तेथेंच कळते. नोंद होते ती उभ्या दगडाची. चौदाव्या विभागांतील चिनी मजुराकडे, हॉथॉर्नच्या वेड्या रुग्णाकडे, किंवा हिवतापानें गेलेल्या कलापूया बाईकडे कोणतेंही यंत्र नेत नाहीं. खेळाडूंच्या नोंदींवरून दफनभूमीचा इतिहास लिहूं जाणारा मनुष्य, ज्यांस दगड परवडला त्यांचाच इतिहास लिहील. लोन फर येथें सत्य निघालें तें जुने कागद पाहून व जमीन तपासून.

मग पेटीस काय म्हणावें? आमच्या मतें ‘निधि’ हा शब्द चुकीचा आहे. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत निधि म्हणजे ज्याचा धनी माहीत नाहीं असें पुरलेलें द्रव्य, व त्याचे वांटे राजा व सांपडणारा यांत ठरलेले. ज्याचा धनी ठाऊक आहे व जें परत ठेवावयाचें आहे तें निधि नव्हे. तोच स्मृतिकार ‘उपनिधि’ सांगतो: पेटींत बंद करून, आंत काय आहे हें न सांगतां, दुसऱ्याच्या हातीं दिलेली ठेव, ती जशी दिली तशीच परत करावी लागते. ही व्याख्या ह्या खेळास जवळजवळ तंतोतंत लागू पडते. फक्त ‘दुसऱ्याच्या हातीं’ हें पद राहतें. पेटी रानांत ठेवली तर ती येणाऱ्या प्रत्येक शोधकाच्या हातीं दिली, असें म्हणतां येईल. थडग्याच्या फटींत ठेवली तर कोणाच्या हातीं दिली? मृताच्या म्हणावें तर त्याची संमति घेतलेली नाहीं. म्हणून जिवंत रक्षकाची, म्हणजे भूमीची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाची किंवा वंशजांची, अनुमति हा ह्या व्यवहाराचा प्राण आहे. साउथ कॅरोलायनाच्या विधेयकानें जें मागितलें तें एवढेंच होतें, व तें आम्हांस रास्त वाटतें. खेळाच्या चालकांचेही नियम आतां जागेच्या धन्याची परवानगी मागतात व पेटीसाठीं जमीन खणण्यास मनाई करतात. पहिली बादली अर्धवट पुरलेली होती, हें ध्यानांत घेतां ही प्रगति म्हटली पाहिजे. आमची भर एवढीच कीं पेटी कुंपणाबाहेर असावी, कोडें दगड वाचून सुटावें, आणि कोडें घालणारानें वाचण्याची रीतही शेजारीं लिहावी: पाणी, मऊ ब्रश फार तर रक्षकाला विचारून, आणि आरसा.

हें आम्हीं कोडें घालणाऱ्या गृहस्थांस नातीकडून कळविलें. त्यांचें उत्तर चार दिवसांनीं आलें. कोडें घातलें त्या वर्षीं ४ स्पष्ट होता, म्हणून पुन्हां पाहण्याचें मनांत आलें नाहीं, असें त्यांनीं लिहिलें, व टिपणांत आरशाची एक ओळ घातली. निघण्यापूर्वीं आम्ही तेथें पुन्हां गेलों. वहींतील आपल्या नांवाखालीं दिनांक घालून, मुलीच्या दगडावरील सर्व मजकूर नागरी अक्षरांत उतरवून ठेवला, ओळींची विभागणी मूळाप्रमाणें ठेवून, व संशयित अंकाखालीं टिंब देऊन. त्यानंतर एका शोधकानें पेटी पाहिल्याचें नात कळविते. वहींत ही कोणती लिपि, असें त्यानें विचारलें आहे.